काचघराचा आकडा

विद्यापीठात तिला सगळे गोषवाराबाई म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर नुसतं ‘बाई’. पण ती जिना चढून एखाद्या विभागाच्या दारात उभी राहिली, की आतला कारकून शेजारच्याला डोळ्याने खुणवायचा, ‘आल्या गोषवाराबाई,’ आणि दोघेही एकदम कामात बुडून जायचे. कारण ती येणार ती काहीतरी मागायलाच. यंदा किती विद्यार्थी आले, किती सोडून गेले, किती जणांना पीएच.डी. मिळाली, किती शोधनिबंध छापून आले, वसतिगृहात किती खाटा भरल्या, ग्रंथालयात किती पुस्तकं आली. हे सगळं एका पानावर, सहीनिशी, आणि शक्यतो कालच.

ती सांख्यिकी कक्षात होती. कक्ष म्हणजे मुख्य इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीतून समोर पाण्याची टाकी दिसे आणि टाकी भरली की तिचं पाणी खिडकीच्या कठड्यावर ठिबकत राही. चार कपाटं, दोन टेबलं, एक संगणक. दुसरं टेबल कित्येक वर्षं रिकामंच होतं, कारण तिथल्या साहाय्यकाची बदली झाली आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. ‘जागा मंजूर आहे, माणूस यायचाय,’ असं तिला दरवर्षी सांगण्यात येई, आणि तीही आपल्या तक्त्यात दरवर्षी ‘रिक्त पदे’ या रकान्यात आपलं हे एक पद न चुकता मोजत असे.

या खोलीतून वर्षाला एक पुस्तिका निघायची: ‘विद्यापीठ एका दृष्टिक्षेपात’. पहिल्या पानावर परिचय, दुसऱ्यावर उद्दिष्टं, मग पुढे तक्तेच तक्ते. परिचय आणि उद्दिष्टं वरून यायची. एका कुलगुरूंना विद्यापीठ समाजाभिमुख करायचं होतं, पुढच्यांना जागतिक दर्जाचं, त्याच्या पुढच्यांना ‘उत्कृष्टतेचं केंद्र’. ती ते मुकाट टाइप करायची. उद्दिष्टांशी तिचं काही भांडण नव्हतं. पण तक्ते तिचे होते. त्यात कुणी हात घातलेला तिला चालायचा नाही.

आणि तक्ते करणं म्हणजे नुसतं बेरीज-वजाबाकी करणं नव्हे. एखादा विभाग मागच्या वर्षीचाच कागद साल बदलून पाठवायचा. दुसरा एकच शोधनिबंध दोन प्राध्यापकांच्या नावावर दोनदा मोजायचा. तिसऱ्याकडून काहीच यायचं नाही. विचारलं की ‘पाठवलाय की हो बाई, पोचला नाही?’ ती पुन्हा जायची, पुन्हा जिना चढायची, पुन्हा विचारायची. गुडघे कुरकुर करू लागले होते. घरी आल्यावर ती खुर्चीत बसली की बराच वेळ चपला पायातच असायच्या.

‘काम करून माणूस दमत नाही,’ ती एकदा मुलीला फोनवर म्हणाली होती. ‘मागून मागून दमतो.’

तिचा नवराही त्याच विद्यापीठात होता. विज्ञान इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, त्याचं काचघर होतं. रसायन आणि भौतिकीच्या संशोधकांना जी काचेची उपकरणं बाजारात मिळत नाहीत ती तो तिथे ज्योतीवर काच तापवून, फुंकून बनवायचा. नागमोडी नळ्या, तीन तोंडांचे चंबू, भांड्यात भांडं असलेली विचित्र पात्रं. विद्यार्थी वहीच्या फाटक्या पानावर पेन्सिलीने काहीतरी खरडून आणायचे, तो चष्मा कपाळावर चढवून बघायचा आणि म्हणायचा, ‘परवा ये.’ फुटलेलं, तडकलेलं सामानही त्याच्याकडेच यायचं. ते तो लगेच, उभ्याउभ्या सांधून द्यायचा.

दोघांची ओळखही अशीच झाली होती. ती नोकरीला नवी लागलेली आणि मालमत्तेची मोजदाद करायला काचघरात गेलेली. ‘इथे काचेच्या वस्तू एकूण किती?’ तिने विचारलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग फळीकडे बघितलं. ‘तुम्ही हात लावायच्या आधी की नंतर?’

तिला राग आला होता. पण घरी जाऊन ती ते आठवून हसली, आणि पुढच्या आठवड्यात मोजदाद पुरी झालेली असतानाही पुन्हा गेली.

ते दिवस आता फार मागे पडले होते. मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. दोघं कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायची, सकाळी बरोबर निघायची, मुख्य इमारतीच्या कोपऱ्यावर तो खाली काचघराकडे वळायचा आणि ती वर चढायची. घरी कामाचं बोलणं फारसं व्हायचं नाही. त्याला आकड्यांचा कंटाळा आणि तिला काचेची भीती.

त्या वर्षी नवे नियोजन संचालक आले. माणूस वाईट नव्हता. पोरसवदा चेहऱ्याचा, सदा घाईत असलेला, बोलताना आवाज कधी न चढवणारा. कुलगुरूंनी नवी उद्दिष्टं जाहीर केली होती. क्रमवारीत वर चढायचं, संशोधन वाढवायचं आणि ‘साधनांचा सुयोग्य वापर’ करायचा. या तिसऱ्या उद्दिष्टाची जबाबदारी संचालकांवर आली. त्यांनी तिला बोलावून एक नवा तक्ता सांगितला: साहाय्यक सेवा. छापखाना, यंत्रशाळा, छायाचित्र विभाग, काचघर. प्रत्येकाने वर्षभरात किती कामं केली आणि त्यातून किती शोधनिबंधांना हातभार लागला, एवढेच दोन रकाने.

‘एका पानात बसवा बाई,’ ते म्हणाले.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, ‘अहो, या वर्षी तुम्ही कामं किती केलीत?’

‘केली की.’

‘किती?’

‘मोजली नाहीत.’

‘तुम्हाला कामाची नोंदवही दिलेली आहे ना?’

‘आहे. तिच्यावर गरम चिमटा ठेवतो. टेबल जळत नाही.’

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. ‘चेष्टा नका करू. वर आकडा मागतायत. काहीतरी सांगा.’

‘मग लिही ना तुला हवा तो. तुझ्याच हातात आहे.’

‘मला हवा तो मी कधी लिहिला नाही. कुणाचाच.’

‘मग नको लिहू,’ तो शांतपणे म्हणाला आणि हात धुवायला उठला. ‘एवढी वर्षं लोक येतायत. ज्यांना गरज आहे त्यांना माहीत आहे.’

ज्यांना माहीत होतं त्यांच्याकडे ती गेली. रसायन विभागाच्या प्राध्यापिका तिला पाहून उठून उभ्या राहिल्या. ‘काचघर? अहो, ते नसतं तर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांचे प्रयोग झालेच नसते!’

‘हेच लिहून द्या मॅडम. कुठले प्रयोग, कुठले निबंध. मी तक्त्यात धरते.’

‘देते ना. आजच देते.’

त्यांनी दिलं नाही. ती पुन्हा गेली, तेव्हा त्या परिषदेला गेल्या होत्या. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा परीक्षा चालू होत्या. भौतिकीतून एकाने दोन ओळी पाठवल्या. एका निवृत्तीला टेकलेल्या प्राध्यापकांनी आठवून आठवून काही निबंधांची नावं दिली. त्या निबंधांत शेवटी आभार मानलेले असतात ते तिने जाऊन वाचले. निधी देणाऱ्यांचे आभार होते, मार्गदर्शकांचे होते, एका ठिकाणी तर संशोधकाच्या मांजरीचेही होते. काचघराचा उल्लेख दोनच जागी सापडला.

तिने मिळाला तेवढा आकडा लिहिला. तो इतका लहान होता की छापखान्याच्या शेजारी टिकलीएवढा दिसत होता. खाली तिने तळटीप दिली: ‘काचघराच्या नोंदी अपूर्ण आहेत. प्रत्यक्ष काम यापेक्षा बरंच जास्त असावं.’

संचालकांनी तळटीपेवर बोट ठेवलं. ‘हे काढू या. तळटीपा कुणी वाचत नाही. आणि “असावं” हा काही आकडा नाही.’

‘साहेब, ती काढली तर तक्ता खोटा पडतो.’

‘वरचा आकडा खोटा आहे का?’

‘नाही. पण पुरा नाही.’

‘मग पुरा आणा की. मी कुठे नाही म्हणतोय?’ ते थोडं थांबले आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, ‘बाई, तुमचे मिस्टर तिथे आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी जास्त बोललात, तर लोक काय म्हणतील? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.’

तिच्या तक्त्यांकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि या एका तक्त्यासाठी ते दाखवलं जाईल ही भीती तिला खरोखरच वाटली. तळटीप गेली. आकडा राहिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निर्णय आला. छायाचित्र विभाग आणि काचघर बंद. लागणारं काचसामान बाहेरून मागवावं. काचघराच्या जागेत संगणक कक्ष होईल. निर्णयात कुणाविषयी एकही वावगा शब्द नव्हता. सगळं कसं सभ्य भाषेत होतं.

त्या दिवशी तो घरी लवकर आला. ती आली तेव्हा खिडकीपाशी उभा होता.

‘तुझा आकडा बरोबर होता,’ तो म्हणाला.

यापेक्षा तो ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. ती म्हणाली, ‘मी खूप ठिकाणी विचारलं हो.’

‘माहीत आहे. मी तुला दोष देत नाही.’

तो दोष देत नव्हता हे खरंच होतं. पण त्यानंतर घरात बोलणंच उरलं नाही. ‘चहा’, ‘दिवा’, ‘किल्ली’ असे सुटे सुटे शब्द. रात्री दोघं छताकडे बघत पडायची आणि दोघांनाही कळायचं की दुसरं जागं आहे. मुलीचा फोन आला की तो ‘आईशी बोल’ म्हणायचा आणि ती ‘बाबांशी बोल’ म्हणायची.

‘तुमचं भांडण झालंय का?’ मुलीने शेवटी विचारलं.

‘भांडायला अंगात जोर लागतो,’ ती म्हणाली.

काचघर रिकामं करायच्या दिवशी ती अर्धी रजा टाकून खाली गेली. गॅसची नळी काढून नेलेली होती. तो जमिनीवर मांडी घालून उरलेल्या नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. तीही शेजारी बसली आणि गुंडाळायला लागली. त्याने कागदांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. काचेची धास्ती असल्यामुळे ती एकेक नळी तान्ह्या पोरासारखी उचलत होती, आणि एकदा त्याने ते पाहिलं आणि त्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

रसायनच्या प्राध्यापिका दारात आल्या. ‘फार वाईट झालं हो,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मग त्यांना ती दिसली. ‘बाई, तो तुमचा कागद... मी पाठवणारच होते.’

वरातीमागून घोडं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तेही बोलायचा तिला कंटाळा आला. ‘असू दे मॅडम,’ ती म्हणाली. ‘तिथे फुटकी काच पडलीय. जपून.’

नवऱ्याच्या निवृत्तीला अजून थोडी वर्षं होती. त्याला कुठल्या तरी विभागात सामावून घ्यायचं होतं. परीक्षा, वसतिगृह, भांडार, असे पर्याय देऊन त्याची पसंती विचारण्यात आली. त्याने काय लिहिलं ते तिला आदेश निघाल्यावरच समजलं. सांख्यिकी कक्ष.

‘अहो, वेड लागलंय का तुम्हाला?’ ती घरात शिरता शिरताच म्हणाली. ‘दिवसभर एकाच खोलीत?’

‘घरी तरी काय दहा खोल्या आहेत?’

‘घरी मी तुमची साहेब नसते.’

‘असं कोण म्हणतं?’

कित्येक आठवड्यांनंतरचं हे त्यांचं पहिलं सलग बोलणं होतं. ती चपला काढायच्या विसरून तशीच खुर्चीत बसली. ‘पण तिथेच का?’

त्याने खांदे उडवले. ‘बाकी कुठे माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.’

अशा रीतीने ते रिकामं टेबल भरलं. तिच्या गुडघ्यांचा विचार करून विभागांत फिरायचं काम त्याच्याकडे आलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिने कपाळाला हात लावला. तो आकडा आणायला जायचा आणि हकिगत घेऊन यायचा.

‘प्राणिशास्त्रात संशोधक विद्यार्थी किती?’

‘तिथला तो उंच मुलगा आहे ना, त्याचं लग्न ठरलंय.’

‘किती, ते विचारलं का?’

‘विचारणार होतो. पण तो चहा घ्या म्हणाला. मग ते राहिलंच.’

‘त्याचं लग्न मी कुठल्या रकान्यात घालू?’

‘घाल “इतर उपक्रमां”त,’ तो म्हणाला, आणि तिला न हसण्यासाठी कपाटाकडे तोंड करावं लागलं.

पण हा ओळखीपाळखीचा बहर फार टिकला नाही. काचघरातला माणूस म्हणून जे त्याला स्टुलावर बसवून घेत, तेच आता सांख्यिकी कक्षाचा माणूस म्हणून त्याला टाळायला लागले. एकदा तो भौतिकी विभागाच्या दाराशी उभा होता. आतून आवाज आला, ‘गोषवाराबाईंचा माणूस असेल. सांग, सर नाहीत म्हणून.’ आवाज सरांचाच होता. या सरांच्या पीएच.डी.च्या वेळी त्याने त्यांच्यासाठी एकच नळी सात वेळा बनवली होती, कारण सर ती सात वेळा फोडत होते.

तो वर येऊन आपल्या टेबलाशी बसला. बराच वेळ पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला.

‘तुलाही असंच म्हणतात? आत असून नाहीत म्हणून सांगतात?’

‘हंगामात म्हणतात,’ ती संगणकावरची नजर न काढता म्हणाली. ‘पुस्तिका निघाली की मग बरे वागतात.’

‘तू कधी बोलली नाहीस.’

‘तुम्ही कधी विचारलं नाहीत.’

त्याने समोरचे कागद एकसारखे केले. मग तो म्हणाला, ‘मी कामं लिहून ठेवायला हवी होती.’

‘हो. हवी होती.’ तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘आणि मी त्या तळटीपेसाठी भांडायला हवं होतं. भांडले नाही. घाबरले.’

‘भांडून उपयोग झाला असता?’

‘नसता झाला. तरी.’

काचघराच्या जागी संगणक बसले होते, काचसामान बाहेरून यायला लागलं होतं, आणि ते बरं येत होतं असं लोक म्हणत. काही अडलं नाही. कुणाचाच प्रयोग काचघरावाचून थांबला नाही. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं असावं, पण तेही तो एकदाच, चालता चालता, बोलून गेला.

पुढच्या हंगामात त्याला कुणी दाद देईना, म्हणून ती पुन्हा स्वतः विभागांत फिरू लागली आणि जिन्यात पडली. चक्कर आली आणि ती रसायन विभागाच्या वळणावर भिंतीला धरून खाली बसली, ती तिला पुन्हा उठताच येईना. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, पुन्हा तपासला, आणि त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘ह्या कधीपासून दमलेल्या आहेत?’ सक्तीची विश्रांती, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

विद्यापीठाचा स्थापना दिवस तोंडावर आला होता. पुस्तिका त्या दिवशी पाहुण्यांच्या हातात द्यायची असते. बहुतेक तक्ते तिने संपवले होते. वसतिगृहं आणि ग्रंथालय ही दोन पानं बाकी होती. दुपारी संचालकांचा फोन आला. फोन त्याने उचलला.

‘बाईंना जरा द्या. एकच विचारायचं आहे, वसतिगृहाच्या पानाचं...’

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. ती कुशीवर वळून, तोंड थोडं उघडं ठेवून झोपली होती. चेहऱ्यावरच्या रेषा सैल पडल्या होत्या. इतकं गाढ झोपलेलं त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘साहेब, ती झोपली आहे.’

‘दोन मिनिटांचं काम आहे हो.’

‘साहेब, ती झोपली आहे,’ तो पुन्हा म्हणाला आणि फोन ठेवला.

पुस्तिका वेळेवर निघाली. स्थापना दिवस झाला, भाषणं झाली, कुलगुरूंनी पुस्तिकेतले आकडे वाचून दाखवले, टाळ्या पडल्या. त्याने संध्याकाळी एक प्रत घरी आणली. ती उशाला टेकून बसली होती. पानं उलटता उलटता तिचा हात थांबला.

‘हे वसतिगृहाचं पान मागच्या वर्षीचं आहे.’ तिने पुढची पानं भराभर चाळली. ‘ग्रंथालयाचंही. जसंच्या तसं. नुसतं साल बदललंय.’

त्याने वाकून पान पाहिलं.

‘कुणाच्या लक्षात आलं नाही?’

‘नाही.’

‘कुलगुरूंनी हेच वाचलं?’

‘हेच वाचलं.’

तिने पुस्तिका मिटून पांघरुणावर ठेवली. तिला रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. ती म्हणाली, ‘एका विभागाने असं केलं तर मी तीन वेळा जिना चढायचे. एका आकड्यासाठी. तुमचं काचघर गेलं तरी मी आकडा वाकवला नाही. आणि इथे दोन पानंच्या पानं खोटी छापली तरी कुणाला काही नाही. मग इतकी वर्षं मी केलं काय?’

तो खाटेच्या कडेवर बसला. समजूत घालणं त्याला कधी जमलं नव्हतं. ‘मलाही हेच वाटलं होतं,’ तो म्हणाला. ‘मी नाही तर अडेल असं वाटायचं. अडलं नाही.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘काय करणार? तुझ्या खोलीत येऊन बसलो.’

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा हात आपल्या हातात घेतला. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग होते. ती ते अंगठ्याने चाचपत राहिली.

विश्रांती संपवून ती कामावर गेली, ती थेट संचालकांकडे. ते ओशाळले. ‘वेळच नव्हता बाई. पुढच्या वर्षी दुरुस्त करू या.’

‘पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचे आकडे असतील साहेब. मी शुद्धिपत्र काढते. लहानशी चिठ्ठी, त्या दोन पानांवर चिकटवायची.’

‘कुणी मागितलेलं नाही. गरज आहे का?’

‘मला आहे,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण या खेपेला ती उठलीही नाही. दारात कुणीतरी कागद घेऊन उभं होतं, फोन वाजत होता, आणि ती खुर्चीत तशीच बसून होती. शेवटी त्यांनी मान हलवली. ‘बरं. काढा.’

वसतिगृहाचा आणि ग्रंथालयाचा खरा आकडा आणायला तो गेला. यावेळी त्याने चहा घेतला नाही आणि हकिगतही आणली नाही. दारात उभा राहिला आणि कागद हातात पडेपर्यंत हलला नाही. छापखान्यातून चिठ्ठ्या कापून आल्या. वाटलेल्या प्रती वाटल्या गेल्या होत्या. त्यांचं काही करता येणार नव्हतं. गोदामात उरलेले गठ्ठे दोघांनी वर आणवले आणि एका दुपारी बसून चिकटवायला घेतलं. ती डिंक लावायची आणि तो चिठ्ठी बसवायचा.

‘ही तिरकी बसली,’ ती म्हणाली.

‘वाचता येते ना?’

‘येते.’

‘मग झालं.’

तिने ती प्रत पुन्हा एकदा पाहिली आणि बाजूला ठेवली. डिंक ओला असल्यामुळे पुस्तिका मिटता येत नव्हत्या. म्हणून त्या उघड्याच पसरून ठेवाव्या लागल्या: आधी टेबलांवर, मग कपाटांवर, मग खुर्च्यांवर, शेवटी जमिनीवरही. काम संपलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दोघं दाराबाहेर आली. व्हरांड्यात बसायला काही नव्हतं, म्हणून भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. त्याने खाली जाऊन दोन कप चहा आणला. ती चहा फुंकून फुंकून पिऊ लागली.

‘किती वेळ लागेल वाळायला?’ त्याने विचारलं.

‘कुणास ठाऊक,’ ती म्हणाली. ‘उभं राहू थोडं.’